बायोडाटातलं हॉटेल आणि बरणीतले वीस रुपये

प्रिय मावशी,

माझं वय 27. एका पतसंस्थेत नोकरी करते, राहायला जुळे सोलापुरात. गेल्या महिन्यात एक स्थळ आलं. घरी कांदेपोहे झाले, मग आम्ही दोघं सात रस्त्याजवळच्या एका कॉफीच्या दुकानात भेटलो. तिथं सगळं सेल्फ सर्व्हिस. आधी काउंटरवर पैसे भरायचे, नंबर पुकारला की कप उचलून आणायचे. बिल 340 रुपये झालं, ते त्याने भरलं. काउंटरवर 'टिप्स' लिहिलेली काचेची बरणी होती, तिच्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. मी पर्समधली वीसची नोट टाकली तर हसून म्हणाला, "आपणच रांगेत उभं राहायचं, आपणच उचलून आणायचं, मग टीप कशाची? आणि मालक पगार देतोच की." निघताना मात्र दोघांचे कप त्यानेच नेऊन ठेवले, टेबलावर सांडलेली कॉफी पुसली.

टेक्सासमधला माझा मामेभाऊ म्हणतो, तिकडे वीस टक्के टीप न देणाऱ्याला कुणी माणसात धरत नाही, असल्या चिकट मुलाला आत्ताच नाही म्हण. आई म्हणते, "वीस रुपयांसाठी स्थळ सोडालीस काय?" मला मुलगा आवडला होता. पण ते पगाराचं वाक्य डोक्यातून जात नाही. माझे बाबा नवी पेठेतल्या एका हॉटेलात 24 वर्षं वाढपी होते. माझ्या शाळेची फी टिपेच्या चिल्लरमधून भरलेली आहे. त्याला हे माहीत नाही, कारण बायोडाटात आईने 'वडील: हॉटेल व्यवसाय' असं लिहिलंय. अशा दुकानात टीप द्यायची असते की नाही? आणि मी काय करू?

नाव छापू नका, जुळे सोलापूर

पोरी,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, टिपेचा प्रश्न आहे. तर आधी तोच उरकून टाकू.

नाही, अशा दुकानात टीप द्यावी लागत नाही. आपणच रांग लावली, आपणच कप उचलला, आपणच नेऊन ठेवला, तिथं शून्य रुपये टीप ठेवणारा माणूस चिकट ठरत नाही. बरणी ठेवायला दुकानाला मुभा आहे, तिच्यासमोरून निघून जायला गिऱ्हाइकाला. आपल्या आयाबायांना हा हिशोब न शिकवता कळायचा. मजुरी वेगळी आणि पोस्त वेगळी. पूर्व भागातल्या विडी वळणाऱ्या बाईला हजारामागे ठरलेली मजुरी मिळायलाच हवी, ती कुणाच्या मर्जीवर नाही. पोस्टमनला दिवाळीत हातावर ठेवलेली पोस्त मात्र मर्जीची. ती दिली तर तो खूश, नाही दिली म्हणून पत्रं अडवून ठेवत नाही.

मी स्वतः काय करते ते सांगते. काउंटरवरच्या मुलाने आपलं काम सोडून माझ्यासाठी काही केलं, म्हणजे गुडघे दुखतात बघून कप टेबलावर आणून दिला, किंवा नातवाचं दूध दोनदा गरम करून दिलं, तर दहा-वीस रुपये त्याच्या हातात देते. एरवी नाही. टेबलावर येऊन वाढणाऱ्याला मात्र न चुकता देते. साध्या हॉटेलात दहा-वीस, घरचे सगळे जेवायला गेलो तर पन्नास-शंभर.

आता तुझ्या मामेभावाचे वीस टक्के. तो खोटं बोलत नाही, पण टेक्सासचं माप सात रस्त्याला लावतोय. तिकडच्या केंद्रीय कायद्याप्रमाणे, ज्याला टीप मिळते अशा कामगाराला मालकाने तासाला 2.13 डॉलर दिले तरी चालतात, आणि हा आकडा 1991 पासून हललेला नाही. टीप धरून तासाचे 7.25 डॉलर भरले पाहिजेत, कमी पडले तर फरक मालकाने द्यायचा. टेक्सासात हेच आकडे चालतात. कॅलिफोर्नियात मात्र टीप मिळते म्हणून पगार कमी देता येत नाही. म्हणजे तुझा भाऊ राहतो तिथं टीप ही खुशी नाही, पगाराचाच तुकडा आहे, आणि तो मालकाच्या वतीने गिऱ्हाईक भरतं. तिथं टेबलावर वाढणाऱ्याला टीप न देणं म्हणजे खरंच त्याची मजुरी बुडवणं. पण हे झालं वाढप्यांचं. कॉफीच्या काउंटरवर पैसे घेता घेता स्क्रीन आपल्याकडे वळवून 15, 18 की 20 टक्के असं विचारतात, त्यावर तिकडची माणसंही कुरकुरतात. विचार त्याला, तो तरी प्रत्येक वेळी बटण दाबतो का. आपल्याकडे टीप मिळते म्हणून किमान वेतन कमी धरायची सोय कायद्यात नाही. हातात खरंच किती पडतं, हे तुझ्या बाबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत.

मोठ्या हॉटेलांचं आणखी एक. बिलात परस्पर 'सर्व्हिस चार्ज' घालता येणार नाही, असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 4 जुलै 2022 ला सांगितलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने 28 मार्च 2025 ला ते उचलून धरलं. कुणी घातलाच तर काढायला सांगायचं, ऐकलं नाही तर 1915 वर फोन करायचा. आणि बिलातला 5 टक्के जीएसटी सरकारचा असतो. तो वाढप्याला जातो असं समजून निवांत ढेकर देणारी माणसं मला अजून भेटतात.

एक गोष्ट मला या बरणीपेक्षा जास्त खुपते. पूर्वी बिल बडीशेपेच्या बशीतून यायचं. पैसे ठेवले की सुट्टे त्याच बशीतून परत यायचे, त्यातले दोन-पाच रुपये आपण तसेच राहू द्यायचो. कुणाला ठरवून उदार व्हायला लागत नव्हतं, सुट्ट्यांच्या निमित्ताने आपोआप व्हायचं. आता गल्ल्यावर क्यूआर कोड. 187 चं बिल असेल तर 187 च जातात, वर एक पैसा नाही. मागे एका हॉटेलात मी हुशारी केली, बिलावर पन्नास रुपये जास्त स्कॅन केले आणि वाढप्याला म्हटलं, तुमचे पन्नास त्यात आहेत हं. तो पोऱ्या ओशाळून हसला. म्हणाला, "मावशी, ते मालकाच्या खात्यात गेले." मी गल्ल्यापाशी जाऊन विचारलं तर "बघतो, बघतो" झालं. तेव्हापासून पर्समध्ये दहा-वीसच्या नोटा वेगळ्या कप्प्यात ठेवते आणि ज्याला द्यायचे त्याच्याच हातात देते. बरणीत टाकायचे असतील तर आधी विचारावं, हे वाटून कोण घेतं? मुलं लगेच सांगतात. नुसतीच एकमेकांकडे बघायला लागली, तर तेही उत्तरच.

झालं टिपेचं.

दुसऱ्यांदा वाचताना मी बायोडाटापाशी अडखळले. 'वडील: हॉटेल व्यवसाय.' अगं, हे वाचून कुणाच्या डोळ्यांपुढे काय उभं राहील? गल्ल्यावर बसलेला माणूस, मागे देवाच्या तसबिरीला हार, समोर उदबत्ती. एका हातावर पाच बशा पेलत, "इडली वडा उत्तप्पा साधा मसाला" असं एका दमात म्हणणारा माणूस कुणाच्याच डोळ्यांपुढे येणार नाही. म्हणजे त्या मुलाच्या हिशोबी तो मालकाच्या मुलीबरोबर कॉफी पीत होता. आता त्याचं वाक्य परत वाच. "मालक पगार देतोच की." मला तर वाटतं, त्या बिचाऱ्याने ते तुझ्या बाबांच्या बाजूने म्हटलं! होणाऱ्या सासऱ्याला चांगलं म्हणायला गेला आणि नेमकं तुझ्या वर्मावर बोट ठेवून बसला. तू त्याची परीक्षा घेतलीस आणि पुस्तक मात्र आईने कपाटात लपवून ठेवलेलं.

तो अगदी निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. पगार मिळतो म्हणजे संपलं, असं ज्याला वाटतं त्याने दुसऱ्याच्या हाताखाली पाणी भरण्याचं काम फारसं जवळून पाहिलेलं नसतं. पण ते न पाहिलेलं असणं हा दोष आहे का? निदान आत्ता तरी नाही. तू दाखवलंच नाहीस अजून. आणि सांडलेली कॉफी त्याने पुसली हे तू 'मात्र' म्हणून एका ओळीत गुंडाळलंस. वाढप्याच्या घरातली मुलगी तू. टेबल घाण करून तसंच उठून जाणारी किती गिऱ्हाइकं असतात, हे बाबांकडून ऐकलंच असशील. माझ्या लेखी ते पुसणं त्या बरणीतल्या वीस रुपयांपेक्षा मोठं.

आईला दोष देऊ नकोस. लग्नाच्या बाजारात 'वाढपी' हा शब्द काय भावाने जातो ते तिने बघितलं असणार, म्हणून तिने सुरक्षित शब्द निवडला. पण तो शब्द फार दिवस टिकणार नाही. सोलापूर ते केवढं! मुलाचा एखादा काका नवी पेठेतल्या त्याच हॉटेलात रोज सकाळी बसणारा निघाला, तर साखरपुड्यात बाबांना बघून म्हणेल, "अरे, हे तर आमचे अण्णा! रोज इडली द्यायचे!" आणि तेव्हा बाबांनी कुठं बघायचं?

म्हणून पहिलं काम, बाबांशी बोल. आईशी नाही, माझ्याशी नाही, बाबांशी. बायोडाटात काय लिहिलंय हे त्यांना माहीत तरी आहे का? 24 वर्षं त्यांनी ते काम केलं, तर ते कोणत्या शब्दात सांगायचं हे त्यांनी ठरवायचं. ते म्हणाले, सांग बिनधास्त, तर प्रश्नच मिटला. ते गप्प बसले तर मात्र थांब, दोन दिवसांनी परत विचार. घाई करू नकोस.

मग त्या मुलाला पुन्हा भेट. पण या वेळी सेल्फ सर्व्हिसच्या दुकानात नको. जिथं माणूस टेबलापाशी येऊन पाण्याचे ग्लास ठेवतो अशा हॉटेलात जा. मुलगा पाणी आणणाऱ्याशी कसा बोलतो हे दिसेल, "ए" म्हणतो, "दादा" म्हणतो की मोबाइलमधून मानच वर काढत नाही. डोसा येऊ दे, पहिला घास जाऊ दे, मग सरळ सांग. माझे बाबा वाढपी होते, मालक नव्हते, बायोडाटातलं वाक्य आईचं आहे, आणि परवा तू टिपेबद्दल बोललास ते मला लागलं. फोनवर नको, व्हॉट्सअ‍ॅपवर तर मुळीच नको.

तो थोडा वेळ काही बोलला नाही तर घाबरू नकोस. अशा वेळी पटकन गोड बोलणाऱ्यापेक्षा गोंधळलेला माणूस मला बरा वाटतो. तो म्हणाला, "मग खोटं का लिहिलं?", तर चिडू नकोस, प्रश्न रास्त आहे, आणि त्याचं उत्तर आईला देऊ दे. बाबांबद्दल काही विचारायला लागला, कुठलं हॉटेल, किती वाजता जायचे, पाय दुखायचे का, तर बस निवांत, आणखी एक फिल्टर कॉफी मागव. आणि "ठीक आहे, पण आमच्या घरी नको सांगूया" असं म्हणाला, तर बिल तू दे, वाढप्याच्या हातात वीस रुपये ठेव आणि रिक्षा करून घरी ये.

तुझी
मावशी