आधी मासाच घ्या, उंदराचं नंतर बघू

तुमचा प्रश्न असा: कर्करोग अगदी सुरू होताना पांढऱ्या पेशी काय करतात यावर एम.एस्सी.चा प्रोजेक्ट करायचाय, झेब्राफिश (प्रयोगशाळेतला छोटा पट्ट्यांचा मासा) घेऊ की उंदीर? आणि शेवटी लिहिलंय, 'आमचे गाईड म्हणतात मासा म्हणजे वेळ वाया.' त्या शेवटच्या ओळीसाठी लिहायला बसले.

मी निपाणीची. आप्पा तंबाखूच्या वखारीत हिशेबाला होते. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, जेवताना तिखट झोंबायचं, तेवढंच. बेळगावला नेऊन तुकडा तपासून घेतला तोवर गाठ मानेत उतरली होती. ते गेल्यावर माझ्या डोक्यात एकच प्रश्न राहिला. त्या चट्ट्यातली पहिली पेशी बिघडली, त्या दिवशी शरीराचे राखणदार, म्हणजे पांढऱ्या पेशी, कुठं होते? त्यांना ती दिसली नाही, की दिसूनही सोडली?

माणसात हे बघायची सोय नाही. गाठ हाताला लागते तेव्हा तिच्यात कोट्यवधी पेशी झालेल्या असतात. उंदराच्या जिवंत शरीरात पहिल्या चार-दोन पेशींवर रात्रभर नजर ठेवणं फार अवघड. झेब्राफिशचं पिल्लू मात्र काचेसारखं आरपार दिसतं, आणि दोन दिवसांचं होईतो त्याच्या अंगात मॅक्रोफेज नि न्यूट्रोफिल या दोन जातींच्या पांढऱ्या पेशी फिरायला लागलेल्या असतात.

हे मी सेमिनारमध्ये मांडलं. माझे गाईड सगळ्यांसमोर म्हणाले, "माशाला फुप्फुस नाही, स्तन नाही, मासा तंबाखू खात नाही. त्यात कसला कॅन्सर बघतीस?" मी खाली बसले. आज बसले नसते. सांगितलं असतं, सर, पेशी परक्या वस्तूला घेरून गिळतात हे मेचनिकॉफ या शास्त्रज्ञानं 1882 साली तारामाशाच्या पारदर्शक पिल्लांत काटे टोचूनच ओळखलं, आणि 1908 चं नोबेल त्याला प्रतिकारशक्तीवरच्या कामासाठीच मिळालं. फुप्फुस तर तारामाशालाही नाही.

पुढं पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत सहा महिने मिळाले. ती रात्र अजून आठवते. तीन दिवसांचं पिल्लू, ट्रायकेन या औषधानं बेशुद्ध करून अगारोजच्या जेलीत आडवं ठेवलेलं. कातडीतल्या काही पेशींत बिघडलेलं रास जनुक (पेशीला वाढायला सांगणारं) घातलेलं, त्या हिरव्या चमकत होत्या. मॅक्रोफेज लाल. पावणेदोनच्या सुमारास एक लाल पेशी सरकत आली आणि हिरवीला बिलगली. आता गिळणार म्हणून मी श्वास धरून बसले. गिळली नाही. बराच वेळ चिकटून राहिली नि निघून गेली. मग दुसरी आली, तीही तशीच गेली. हिरवी होती तिथंच. मला आप्पांचा गाल आठवला आणि मी तिथंच रडले.

ते मी पहिल्यांदा बघितलं असं नाही. ब्रिस्टलच्या पॉल मार्टिन यांच्या गटानं 2010 मध्येच दाखवलं होतं की जखमेकडं पांढऱ्या पेशींना बोलावणारं हायड्रोजन पेरॉक्साईडच बिघडलेल्या पेशींकडंही बोलावतं. ती हाक बंद केली तर पांढऱ्या पेशी कमी येतात आणि बिघडलेल्या पेशीही कमी वाढतात. म्हणजे राखणदारच खतपाणी घालतात! 2012 मध्ये त्या खतपाण्यातला एक घटकही सापडला, पांढऱ्या पेशींतून येणारं प्रोस्टाग्लँडिन ई2 हे रसायन. हे आधी माशात डोळ्यांनी दिसलं, म्हणून मासा म्हणजे वेळ वाया हे कुणी म्हटलं की मला सहन होत नाही.

आता तुमचं. ट्रान्सजेनिक (बाहेरचं जनुक घातलेले) मासे नि चमकणाऱ्या पेशी दाखवणारा चांगला फ्लुओरेसन्स मायक्रोस्कोप नसेल तर थेट कॅन्सरवर उडी मारू नका. पिल्लाचं शेपूट किंचित कापा आणि जखमेकडं पेशी कशा धावतात ते मोजा. जिवंत पिल्लात मॅक्रोफेजना न्यूट्रल रेड हा रंग लागतो, मारून ठेवलेल्यात न्यूट्रोफिलना सुदान ब्लॅक. दोन्ही स्वस्त आहेत. हाक तीच आहे, त्यामुळं हे काम पुढं उपयोगी पडतंय. अंगावर काळे ठिपके येऊ नयेत म्हणून पहिल्या दिवसापासून पाण्यात पीटीयू नावाचं रसायन घाला. पाणी साडेअठ्ठावीस अंशांवर ठेवा. आमच्याकडं थंडीत रात्री चांगलाच गारठा असतो आणि करंट कधी जाईल सांगता येत नाही, तेव्हा हीटरला बॅटरीची सोय आधी करा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन काढल्याशिवाय मासे सोडू नका. आणि प्राण्यांच्या नीती समितीची परवानगी कामाच्या आधी, नंतर नव्हे.

एक राहिलं. पिल्लांत टी-पेशींची (शत्रू नेमका ओळखून लढणाऱ्या पांढऱ्या पेशींची) फळी तयार व्हायला चार ते सहा आठवडे लागतात, लसिकाग्रंथी तर माशाला नसतातच. तुमचा प्रश्न टी-पेशींचा असेल तर उंदीरच घ्यावा लागेल. तंबाखूच्या तोंडाच्या कॅन्सरसाठीही उंदरांना पाण्यातून 4-एनक्यूओ हे कर्करोग आणणारं रसायन देऊन जिभेवर चट्टे आणतात, त्याला महिने लागतात. एवढ्यापुरतं तुमच्या गाईडचं बरोबर आहे.

त्या रात्रीचा व्हिडिओ मी माझ्या सरांना दोनदा पाठवला होता. उत्तर आलं नाही. तुमच्या सरांना दाखवायचा असेल तर सांगा, पाठवते.