अल्कधर्मी (बेसिक) औषधांसाठी एससीएक्स कॅपिलरी: सुरू करण्याआधी

कॅपिलरी इलेक्ट्रोक्रोमॅटोग्राफीत, म्हणजे भरलेल्या बारीक नळीतून व्होल्टेजने द्रव वाहवून घटक वेगळे करताना, सी-18 वर (कार्बनच्या लांब साखळ्या जोडलेल्या सिलिकावर) नॉरट्रिप्टिलीन या अँटिडिप्रेसंटचा पीक (आलेखातला उंचवटा) शेपूट सोडतोय म्हणून तू पीएच खाली आणायला निघाला आहेस. जरा थांब. पीएच 2.5 ला सिलिकावरचे सिलॅनॉल गट जवळजवळ प्रभारहीन होतात. शेपूट आखडते हे खरं, पण त्यांच्याच जिवावर चालणारा इलेक्ट्रोऑस्मोटिक प्रवाहही (व्होल्टेजमुळे वाहणारा द्रव) मंदावतो. त्यापेक्षा एससीएक्स (स्ट्राँग कॅटायन एक्स्चेंज, म्हणजे धन आयन धरून ठेवणारं भरण) घे. त्यातले सल्फोनिक आम्लाचे गट इतक्या कमी पीएचलाही ऋणप्रभारित राहतात. प्रवाह टिकतो आणि धनप्रभारित अमाईनला, म्हणजे औषधाला, धरायला जागाही मिळते.

खरी कसरत बफरची. क्षार वाढवलास की औषध लवकर सुटतं, पण करंट चढतो, कॅपिलरी तापते, बुडबुडा धरतो आणि रन तिथेच थांबतो. माझ्या पहिल्याच महिन्यात दोन कॅपिलरी अशा कोरड्या पडल्या. म्हणून द्रावण नीट डीगॅस कर (विरघळलेली हवा काढ), दोन्ही टोकांना 8-10 बार नायट्रोजनचा दाब ठेव, व्होल्टेज टप्प्याटप्प्याने चढव.

आणखी एक, हे फार महत्त्वाचं. 1995 मध्ये स्मिथ आणि इव्हान्स यांनी एससीएक्सवर ट्रायसायक्लिक अँटिडिप्रेसंटसाठी (नॉरट्रिप्टिलीन याच गटातलं) मीटरला 80 लाखांवर प्लेट्स (पीक किती अरुंद आहे याचं माप) नोंदवल्या. पीक कॅपिलरीतच आकसत होता. तसा निकाल पुन्हा पुन्हा मिळवणं मात्र फार अवघड ठरलं. तुला कधी असा सुईसारखा पीक दिसला, तर लगेच वहीत निकाल म्हणून लिहू नकोस. नमुना मोबाईल फेजमध्येच (कॅपिलरीतून वाहणाऱ्या द्रावणातच) विरघळव, तोच रन सहा वेळा घे आणि रिटेन्शन टाइम (पीक बाहेर येण्याची वेळ) सरकतोय का ते बघ.