बाहुलीचा झगा हातात छान दिसतो, फोटोत मात्र घंटेसारखा ताठ उभा राहतो. कुठे चुकतंय?

पॉपलिन, म्हणजे घट्ट विणीचं सुती कापड, ते बदला. अर्धं काम तिथेच होईल. उरलेल्या अर्ध्याचं सांगते.

तुम्ही लिहिलंय की बाहुली साडेअकरा इंची आहे, झगा फुलाफुलांच्या पॉपलिनचा आहे, फोटो बहरलेल्या झाडाखाली काढलेत, आणि तरी सगळंच खेळण्यातलं दिसतंय. साडेअकरा इंच म्हणजे २९ सेंटिमीटर. १९५९ साली बार्बी आली तेव्हापासूनचं हे माप, माणसाच्या साधारण एक षष्ठांश. आता सहाचा पाढा सगळीकडे लावून बघा. पॉपलिन पाव मिलिमीटर जाड धरलं, तर बाहुलीच्या अंगावर ते दीड मिलिमीटरचं होतं. तुम्ही तिला जवळजवळ घोंगडीचा झगा शिवलाय! छापातलं एक सेंटिमीटरचं फूल तिच्या मापाने सहा सेंटिमीटरचं, पडद्याच्या कापडावर असतं तेवढं. मशीनची नेहमीची अडीच मिलिमीटरची टीप तिच्या मापाने दीड सेंटिमीटर लांब, म्हणजे आपण कच्चे टाके घालतो तेवढी.

त्यात वजनाचा घोळ. आपल्या झग्याचा घेर खाली पडतो तो स्वतःच्या भाराने. कंबरेपासून खाली मीटरभर कापड लोंबत असतं, ते वरच्या चुण्यांना ओढून धरतं. बाहुलीच्या झग्यात लोंबायला पंधरा सेंटिमीटर कापड, ताठरपणा मात्र तोच. बाहुली लहान झाली, कापड झालंच नाही. म्हणून घंटा.

मी शिवते ते मलमल, लॉन किंवा व्हॉइल अशा पातळ सुती कापडांमध्ये. त्यातही नवं कापड कधीच नाही. वीस-पंचवीस वेळा धुऊन मऊ पडलेला सुती हातरुमाल हे या कामाचं सगळ्यात गुणी कापड. त्याची कड आधीच बारीक वळलेली असते, ती झग्याच्या खालच्या घेराला आली की कड दुमडून शिवायची (हेम घालायची) कटकटच संपते. छाप घ्यायचा तर दोन-तीन मिलिमीटरच्या बुट्टीचा. नाही मिळाला तर सरळ एकरंगी घ्या, मोठ्या फुलांपेक्षा शंभर पटींनी बरा.

घेरासाठी कापड उरेब, म्हणजे विणीला तिरकं कापा. उरेब कापड स्वतःहून वाकतं, चुण्या उभ्या राहत नाहीत. कंबरेला चुण्या हव्याच असतील तर कमी घ्या. माणसाच्या झग्याला आपण कंबरेच्या तिप्पट घेर सहज घेतो, इथे दीडपट ते पावणेदोनपट पुरतो. एवढं करूनही घेर फुगला तर एक जुना उपाय आहे. झगा पाण्याने ओला करा, काचेच्या बाटलीवर चढवा, चुण्या बोटांनी एकेक करून लावा, वरून सुती पट्टी सैलसर गुंडाळा आणि रात्रभर वाळू द्या. सकाळी पट्टी सोडली की चुण्या खाली पडलेल्या असतात. कधी कधी मी घेराच्या कडेत अगदी बारीक तांब्याची तारही घालते. मग झगा वाऱ्यात उडतोय असं दाखवायला वारा लागत नाही, तार वाकवली की झालं.

शिवताना टीप दीड मिलिमीटर किंवा त्याहून बारीक ठेवा. सुई ६० किंवा ७० नंबरची. जाड सुई मलमलला भोकं पाडते, आणि मशीन कापडाचं टोक खाली ओढून गिळतं. ते गिळू नये म्हणून खाली पातळ कागद ठेवून शिवायचं आणि नंतर कागद फाडून काढायचा. माया (शिवणीबाहेर सोडलेलं कापड) चार-पाच मिलिमीटर सोडून शिवा, शिवण झाल्यावर तीन मिलिमीटरवर छाटा, कडेला धागे न सुटण्याचं द्रव्य लावा. जास्त माया ठेवली तर मुंढ्यात, म्हणजे बाही जोडतो त्या गोलात, गोळा होतो आणि बाहुलीचे हात पंखांसारखे बाहेर राहतात. तुमच्या दुसऱ्या फोटोत तेच झालंय. बाही नेहमी बाजूची शिवण घालायच्या आधी, कापड सपाट असताना जोडा. एवढ्याशा गोल मुंढ्यात बाही बसवत बसणं म्हणजे स्वतःवर सूड उगवणं. मागची उघडझाप कंबरेच्या खालपर्यंत येऊ द्या, कारण बाहुली काही आपल्यासारखी खांदे आवळून अंग चोरत नाही. ५ मिलिमीटरचं टिचबटण चालतं. वेल्क्रो नको, त्यात केस अडकून पिंजतात.

बेतायचं कसं, हेही विचारलंय. बाहुलीला स्वयंपाकघरातली प्लास्टिकची पातळ फिल्म घट्ट गुंडाळा, वरून कागदी चिकटपट्टीचे तुकडे लावा, त्यावर पेनाने गळा, मुंढा, कंबर, बाजूची शिवण काढा आणि रेषांवर कापून सोलून घ्या. सपाट करताना जिथे ते उचललं जातं तिथे टक, म्हणजे चिमटून घातलेली शिवण, हवा. झाला बेत. ज्या बाहुल्यांचं डोकं मोठं आणि खांदे अरुंद, १९७२ ची ब्लाइथ किंवा तिच्या नंतरच्या आवृत्त्या, त्यांना डोक्यावरून काहीही चढवायचा विचार सोडा. त्यांचं सगळं पायाकडूनच.

थोडं विषयांतर. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस कापडाचा तुटवडा असताना पॅरिसच्या शिवणघरांनी १९४५ मध्ये 'तेआत्र द ला मोद' हे प्रदर्शन भरवलं, तारेच्या बाहुल्यांवर लहान मापातले खरेखुरे पोशाख घालून. बालेन्सियागासारखे नामवंत फॅशनकार त्यात होते. त्या बाहुल्या ७० सेंटिमीटरच्या आसपास, माणसाच्या तिसऱ्या हिश्शाहून थोड्या मोठ्या. मला नेहमी वाटतं की २९ सेंटिमीटर दिले असते तर त्यांनीही कपाळावर हात मारला असता. तुम्हाला पुढे मोठी बाहुली घ्यायची असेल, साठ सेंटिमीटरच्या आसपासची बॉल-जॉइंट (गोल सांध्यांची), तर शिवणं खरंच सोपं होतं. फक्त ती रेझिनची असते आणि उन्हातल्या अतिनील किरणांनी पिवळी पडते, म्हणून बाहेर नेली तरी सावलीतच आणि थोडा वेळ.

एक चूक माझ्याकडून झाली, ती तुम्ही करू नका. लालभडक मलमलचा झगा न धुता घातला आणि बाहुली तशीच दोन महिने कपाटात उभी राहिली. काढला तेव्हा दोन्ही मांड्यांवर गुलाबी डाग. व्हिनाइल गडद रंग शोषून घेतं. लाल, काळा, गडद निळा हे नेहमीचे गुन्हेगार. मुरुमांवरचं १० टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइडचं मलम डागावर लावून उन्हात ठेवतात, मीही ठेवलं. डाग गेला, पण त्या जागी कातडी जराशी फिकी झाली ती झालीच. आता गडद कापड पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुते, पांढऱ्या ओल्या फडक्याने घासून बघते, आतून पांढरं अस्तर लावते आणि फोटो झाले की त्याच दिवशी काढून ठेवते.

आता बाहेरचं. तिथेही पाढा सहाचाच. आठ सेंटिमीटरचं गवत बाहुलीला गुडघ्यापर्यंत येतं, तिची हिरवळ म्हणजे खरं तर शेवाळ. बहरलेल्या फांदीवरचं तीन सेंटिमीटरचं फूल तिच्या चेहऱ्याशेजारी ताटलीएवढं होतं. फोटो खेळण्यातला वाटतो त्याचं मोठं कारण हेच, बाहुली फांदीला चिकटून उभी आहे. तिला झाडापासून मीटर-दीड मीटर पुढे आणा, बहर मागे धूसर होऊ द्या. मग फूल केवढं ते कळत नाही, रंग तेवढा उरतो. जवळ फुलं हवीच असतील तर गवतात उगवणारी, पाच मिलिमीटरची, ज्यांच्याकडे एरवी कोणी बघतही नाही ती शोधा. बाहुलीच्या हातात ती बरोबर बसतात. मागे फिका गुलाबी बहर असेल तर झगा फिका गुलाबी नको, दोन्ही एकमेकांत विरघळतात. मोरपंखी किंवा मातकट पिवळा उठून दिसतो.

कॅमेरा बाहुलीच्या छातीच्या उंचीवर, म्हणजे जमिनीपासून वीस सेंटिमीटरवर हवा. उभं राहून काढलेल्या फोटोत ती कायम कोणीतरी जमिनीवर विसरलेली बाहुलीच दिसणार. मोबाइल उलटा धरा, लेन्स खाली येते. पोट ओलं होईल, चटई न्या. मोबाइलचा पोर्ट्रेट मोड बंद ठेवा, तो केसांच्या कडा कापून टाकतो. त्यापेक्षा थोडं मागे सरून दुप्पट झूम करा. मोठा कॅमेरा असेल तर लेन्सचं छिद्र फार उघडू नका (एफचा आकडा जितका लहान, तितकं छिद्र मोठं). फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स, साठ सेंटिमीटर अंतर आणि एफ/१.८ धरलं तर जेमतेम दीड सेंटिमीटर खोलीपुरतं स्पष्ट येतं. डोळे स्पष्ट आणि कान धूसर झाले की बघणाऱ्याला लगेच कळतं, वस्तू लहान आहे. एफ/८ वर तेच सहा-साडेसहा सेंटिमीटर होतं आणि झगा अख्खा स्पष्ट येतो.

उजेडाच्या बाबतीत मात्र लहान असण्याचा फायदा होतो. माणसाच्या चेहऱ्यावर उजेड परतवायला मोठा पांढरा फलक लागतो, बाहुलीला पोस्टकार्ड पुरतं. कडक उन्हात वर ट्रेसिंग पेपरचा एक तुकडा धरला की नाकावरची चकाकी जाते. गवताचा हिरवा रंग हनुवटीखाली उमटतो, म्हणून चौकटीच्या जरा बाहेर पायाशी पांढरा रुमाल पसरते. सकाळचं ऊन मागून घेतलं तर मलमल सुंदर उजळते, पण आतली प्रत्येक वाकडी माया आणि प्रत्येक सुटलेला धागा दिसतो. म्हणून मागून उजेड घ्यायचा झगा मी वेगळा, फ्रेंच शिवणीने (कापडाची कड शिवणीच्या आत झाकून) शिवते.

वाऱ्याला उपाय नाही, सोयी आहेत. पायामागे तार बांधून ती ओल्या मातीत खोचायची, वरून कंबरेला मासे धरायच्या गळाची पारदर्शक दोरी. केसांना बोट ओलं करून लावायचं. आणि फुलांचा पराग झग्यावर पडला तर हाताने झटकू नका, ओला तर अजिबात करू नका, तो कापडात बसतो. चिकटपट्टी हलकेच लावून उचला.

तुमचा पॉपलिनचा झगा फेकू मात्र नका. तेच कापड थंडीच्या कोटाला चांगलं. त्याला आतून मलमलचं अस्तर लावा, टोकदार कॉलर करा, आणि त्या ताठरपणाचा तिथे फायदाच होईल. फक्त त्यावरची ती मोठी फुलं उलट्या बाजूला घ्या.