नॉन-फिक्शन हौसेने घेतो, पण पन्नासेक पानांत अडकतो. आपल्याला आवडेल असं पुस्तक ओळखायचं कसं?

बहुतेकदा विषय चुकत नाही, मांडणीची जात चुकते. एकच विषय दोन तऱ्हांनी येतो. क जीवनसत्त्व कमी पडल्याने होणाऱ्या स्कर्व्ही या रोगाचंच बघा. एक लेखक १७४७ सालच्या जहाजावर नेतो: तिथला डॉक्टर जेम्स लिंड बारा आजारी खलाशांच्या सहा जोड्या करतो, प्रत्येक जोडीला वेगळा उपाय देतो आणि संत्री-लिंबं मिळालेली जोडी सगळ्यांत लवकर सुधारते. दुसरा क जीवनसत्त्वाचं शरीरातलं काम समजावतो. पहिल्यात रमणारा वाचक दुसऱ्यात पेंगतो, किंवा उलट. आधी तुम्ही कुठले ते ठरवा.

निवडताना प्रस्तावनेवर जाऊ नका, ती बऱ्याचदा सर्वांत घोटून लिहिलेली असते. मधलं एखादं प्रकरण उघडून सलग तीन पानं वाचा. तिथे माणसं, वस्तू, आकडे दिसले तर घ्या. नुसते ‘आपण पुढे पाहणारच आहोत’ असे वायदे असतील तर ठेवून द्या. मागे विषयसूची असेल तर तीही चाळा, लेखकाला कशात रस आहे हे तिथे उघडं पडतं.

घेतल्यावर क्रमाने वाचायची सक्ती नाही. प्रकरणं सुटी असतील तर आवडीचं आधी. पण युक्तिवाद पायरीपायरीने चढत असेल तर उड्या मारू नका, पुढचं डोक्यावरून जातं. तळटीपा पहिल्या वाचनात सोडा. ‘यशाचे नियम’ छापाच्या पुस्तकांत मात्र तिसऱ्या प्रकरणानंतर तेच ते येऊ लागलं, तर खुशाल मिटा.