१९३५ ची जर्मन ग्रां प्री ही मोटार शर्यत इटालियन ड्रायव्हर नुवोलारीने निव्वळ नशिबाने जिंकली का?

नाही. शेवटच्या फेरीत आघाडीवरच्या जर्मन ड्रायव्हर फॉन ब्राउखिचच्या मर्सिडीजचा टायर फुटला हे खरं, पण ती वेळ ताझिओ नुवोलारीनेच आणली होती. नुर्बुर्गरिंग या जर्मनीतल्या ट्रॅकची एक फेरी जवळपास २३ किलोमीटरची, अशा २२ फेऱ्या. शर्यतीच्या मध्यावर नुवोलारीच्या थांब्यावरचा इंधन भरायचा पंप बिघडला, हाताने इंधन ओतावं लागलं आणि तिथे दोन मिनिटांहून जास्त वेळ गेला. तो मागे पडला, तरी एकेक गाडी गाठत पुन्हा दुसरा आला. त्याला रोखण्यासाठी ब्राउखिचने गाडी इतकी दामटली की टायर झिजत चालले होते. ते बदलायला थांबला असता तर आघाडी जवळजवळ संपलीच असती, म्हणून तो थांबला नाही. दुसऱ्या ते नवव्या क्रमांकापर्यंत सगळ्या मर्सिडीज आणि आउटो युनियन या जर्मन गाड्या, आणि पुढे नुवोलारीची ही जुनी इटालियन अल्फा रोमिओ पी३! माझ्या मते त्या दशकातली ही सर्वोत्तम ड्रायव्हिंग. एक मात्र लक्षात घ्या: हे जमलं ते वळणावळणांच्या, ओलसर ट्रॅकवर. बर्लिनच्या आव्हुससारख्या लांब सरळ रस्त्यांवर जर्मन इंजिनांच्या ताकदीपुढे अल्फाचा निभाव लागणं कठीण होतं.