फुलं सरल्यावर पुन्हा जा

प्रश्न : ओढ्याकाठी दाट सावलीत मला रानटी व्हायोलेटची सहा-सात रोपं सापडली. फुलं फिकट जांभळी, पानं बदामाच्या आकाराची. मोबाइलमधलं अ‍ॅप दर फोटोला वेगळं नाव सांगतं. त्यातलं एक नाव दुर्मीळ जातीचं आहे. फुलाचा फोटो सोबत आहे. ही जात कोणती? एखादं रोप उपटून पाठवू का?

उत्तर : रोप उपटू नका. सहा-सातच आहेत, आणि खरंच दुर्मीळ निघाली तर त्यातलं एक जाणंही फार झालं.

फोटो स्वच्छ आला आहे, पण समोरून काढलेला. २०२२च्या फेरवर्गीकरणात वायोला या प्रजातीत, म्हणजे सगळ्या व्हायोलेट ज्यात मोडतात त्या गटात, ६६४ जाती धरल्या आहेत, आणि समोरून पाहिलं तर त्यातल्या कितीतरी एकसारख्याच दिसतात. रंगावर मी विसंबत नाही. एकाच जातीत जांभळी आणि पांढरीही फुलं येतात. वासाचंही तेच. सुगंधी व्हायोलेटमधल्या आयोनोनने नाक काही क्षण बधिर होतं आणि आत्ता आलेला वास लगेच नाहीसा वाटतो.

आधी रोपाच्या बुडाशी पाहा. पानं आणि फुलांचे देठ थेट जमिनीलगत फुटतात, की पानं असलेल्या उभ्या खोडावर येतात? मग उपपर्णं, म्हणजे पानाच्या देठाच्या बुडाशी असलेली छोटी पानासारखी जोडी : कड साधी आहे, झालरीसारखी आहे, की ती पानाएवढी मोठी आणि खोल कातरलेली आहेत? तशी असतील तर हे पॅन्सीच्या गटातलं. बाजूच्या दोन पाकळ्यांच्या आत केसांचा झुपका आहे का, तेही बघा. फुलाचा एक फोटो बाजूने, पट्टी धरून काढा, म्हणजे मागची शुंडी, फुलामागे निघालेली पोकळ नळी, मोजता येईल.

खरी ओळख मात्र फुलं सरल्यावर पटते. बऱ्याच व्हायोलेट नंतर कधीच न उमलणाऱ्या कळ्या धरतात. त्या पानांखाली, मातीला टेकून असतात आणि मिटलेल्या अवस्थेतच स्वपरागणाने बी तयार करतात. त्यांचं बोंड केसाळ आहे की गुळगुळीत, जमिनीवर पडून राहतं की ताठ उभं राहून तीन फाकांत उकलतं, बी कोणत्या रंगाचं, मुंग्यांना ओढणारा पांढरा मांसल भाग त्यावर केवढा, हे सगळं टिपून ठेवा. पानंही तोवर मोठी होऊन आकार बदलतात, म्हणून त्यांचेही नवे फोटो हवेत.

आसपास दुसऱ्या व्हायोलेट असतील तर त्यांचीही नोंद करा. या जातींचा आपसांत सहज संकर होतो. मी स्वतः एका रोपाला दोन हंगाम दुर्मीळ समजत होते. तिसऱ्या हंगामात फुलांनंतर पुन्हा गेले, तर बोंडं सुकलेली, जवळजवळ पोकळ. तो दोन साध्या जातींचा संकर होता. आधीच्या दोन्ही वेळी मी फुलं पाहून परत फिरले होते, याची हळहळ अजून वाटते.

नेमकी जागा कुठेही जाहीर करू नका. पाच-सहा आठवड्यांनी बोंडांचे फोटो पाठवा. हर्बेरियममधल्या, म्हणजे वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहातल्या, नमुन्यांशी मी ते ताडून पाहीन.