एकाच आवारातल्या सगळ्या दुकानांची नावं असलेली पाटी रस्त्यालगत उभारायला परवानगी लागते का?

हो, पाटी रस्त्यावरून वाचता येत असेल तर बहुतेक ठिकाणी लागते. झोनिंगचे, म्हणजे कुठल्या जागेवर काय उभारता येईल हे ठरवणारे, नियम मुख्यतः पाटीची जागा, उंची, क्षेत्रफळ आणि प्रकाशयोजना बघतात. नावं पाच की पंधरा, हा सहसा दुय्यम मुद्दा. खरी पंचाईत कोपऱ्यावरच्या प्लॉटची. वळणाऱ्या चालकाला आडवी येणारी गाडी दिसावी म्हणून तिथला त्रिकोणी तुकडा मोकळा सोडावा लागतो, आणि नेमकी तीच जागा मालकाला पाटीसाठी हवी असते! लॉबीतल्या, बाहेरून न दिसणाऱ्या यादीला बऱ्याचदा सूट असते. भाडेकरू बदलल्यावर नुसती नावाची पट्टी बदलायलाही अनेक ठिकाणी नवा परवाना लागत नाही. मात्र चौकट वाढवली किंवा आत दिवे बसवले, तर पुन्हा अर्ज करावा लागू शकतो.